आधी पाहणी, मग आराखडा

इंदूरच्या होळकर संस्थानाने १९१८ साली आपल्याच छापखान्यात एक अहवाल दोन भागांत छापून घेतला. 'टाउन प्लॅनिंग टुवर्ड्‌ज सिटी डेव्हलपमेंट' हे त्याचे नाव, लेखक पॅट्रिक गेडिस. नाव इंग्रजी, लेखक स्कॉटिश. पण आतले गल्लीबोळ, विहिरी, घाट, वाडे सगळे आपल्या ओळखीचे. नगररचनेचे अभ्यासक हा ग्रंथ दुर्मीळ म्हणून शोधत असतात. माझ्या लेखी त्याचे मोल वेगळे आहे. शहराबद्दल पुस्तक कसे लिहावे, याचा इतका चांगला नमुना आपल्या मुलखात क्वचितच सापडेल.

गेडिस मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ. टी. एच. हक्स्ले यांच्या हाताखाली शिकलेले. एडिंबरोच्या जुन्या, गलिच्छ झालेल्या वस्तीत ते स्वतः कुटुंबासह राहायला गेले आणि तिथली घरे एकेक करून दुरुस्त करत त्यांनी नगररचनेचे पहिले धडे घेतले. १९१४ मध्ये ते हिंदुस्थानात आले, तेव्हा जगभरच्या शहरांचे नकाशे आणि चित्रे असलेले त्यांचे प्रदर्शन दुसऱ्या जहाजाने येत होते. ते जहाज 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने बुडवले. वर्षानुवर्षे जमवलेले सगळे समुद्राच्या तळाशी गेले. मित्रांच्या मदतीने गेडिस यांनी नवे साहित्य जमवले आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासमध्ये प्रदर्शन भरवले. त्यानंतरच्या काही वर्षांत त्यांनी हिंदुस्थानातल्या कितीतरी गावांचे अहवाल लिहिले. त्यांत ठाणे आणि वांद्रे आहेत, बडोदे आहे, लखनौ आणि लाहोर आहेत. १९१७ चे वर्ष त्यांच्यावर फार वाईट कोसळले. मुलगा अ‍ॅलास्डेअर फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला, आणि काही आठवड्यांतच पत्नी अ‍ॅना कलकत्त्यात तापाने गेली. इंदूरचे काम त्यानंतरचे. पानांमागे हे दुःख आहे हे माहीत असले की अहवालातली उमेद अधिक जाणवते.

त्या काळी सुधारणा म्हणजे काय, हे प्लेगने ठरवून टाकले होते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीतून रुंद, सरळ रस्ता काढायचा, आड येतील ती घरे पाडायची, हवा खेळती करायची, अशी रीत पडली. त्यातून सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट झाले, दादर-माटुंग्याच्या वसाहतीही झाल्या, हे खरे. पण ज्यांची घरे पाडली ती माणसे जाणार कुठे? ती शेजारच्या चाळीत शिरली आणि तिथली गर्दी वाढली. गेडिस यांचा आक्षेप नेमका इथे होता. ते आधी गावात चालायचे. नकाशा हातात घेऊन गल्ल्यागल्ल्यांतून हिंडायचे. पडक्या भिंती, रिकाम्या जागा, झाडाचा पार, बुजत आलेली विहीर, सगळे टिपायचे. मग कळायचे की दोन पडकी घरे काढली, एका कोपऱ्यावर भिंत थोडी मागे घेतली, तर हवा आणि वाट दोन्ही मोकळ्या होतात. पूर्ण आळी उठवायची गरज नसते. तंजावरच्या किल्ल्यातल्या वस्तीसाठी सरळ रस्त्यांच्या योजनेचा खर्च ३०,००० रुपये धरला होता. गेडिस यांच्या पद्धतीने ते काम ५,००० रुपयांत बसत होते. कमी खर्च, कमी बेघर माणसे, आणि हे शक्य झाले ते निव्वळ आधी नीट बघितल्यामुळे.

इंदुरात मात्र लोक त्यांना बघून घाबरले. रस्त्यातून हा दाढीवाला म्हातारा साहेब नकाशा घेऊन फिरतोय म्हणजे हा प्लेग आणणार, घरे पाडणार, अशी कुजबुज त्यांच्या कानावर आली. लोकांचा अनुभवच तसा होता. साहेब मोजमाप घेऊन गेला की मागून पहार यायची. तेव्हा त्यांनी दरबाराकडे एक विलक्षण मागणी केली: मला एक दिवस शहराचा महाराजा करा. तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या राज्यात ती मान्य झाली, आणि त्या वर्षीची दिवाळी इंदूरने वेगळी पाहिली.

गेडिस यांनी ही हकिकत पुढे स्वतःच सांगितली. दिवाळीच्या मिरवणुकीचा मार्ग या वेळी परंपरेने ठरणार नाही. ज्या रस्त्यावरची सर्वांत जास्त घरे झाडून, सारवून, दुरुस्त करून ठेवलेली असतील त्या रस्त्याने मिरवणूक जाईल, अशी दवंडी पिटली. कचरा फुकट उचलून नेण्याची सोय केली, उंदीर पकडायचे सापळे वाटले. शहर कामाला लागले. मग हत्ती, उंट, घोडे, बँड असा सगळा लवाजमा घेऊन मिरवणूक निघाली. तिच्यात घाणीचा एक प्रचंड राक्षस होता आणि प्लेगचा अवाढव्य उंदीर होता. त्यांच्या मागून नगरपालिकेचे सफाई कामगार आले. अंगावर पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात झेंडूच्या माळा, हातात नवे झाडू, आणि त्यांच्या गाड्याही रंगवून सजवलेल्या. १९१७ च्या सुमाराचे संस्थानी इंदूर डोळ्यांसमोर आणा. ज्यांची सावली टाळली जात होती ती माणसे दिवाळीच्या मिरवणुकीत, माळा घालून, राजमार्गावरून चालत होती. त्यांच्या मागे शहराची लक्ष्मी, मग कारागिरांचे देखावे, होऊ घातलेल्या घरांच्या आणि वाचनालयाच्या प्रतिकृती. घरोघरी लावायला तुळशीची रोपे वाटली गेली. शेवटी राक्षस आणि उंदीर आतषबाजीत जाळले. त्यानंतर गेडिस यांना बघून कुणी दार लावून घेतले नाही.

ही गोष्ट मी एवढी लांबवून सांगितली याला कारण आहे. नगररचनेची पुस्तके म्हटली की नकाशे, कोष्टके, कलमे आठवतात. गेडिस यांना कळले होते की ते सगळे लोकांच्या डोक्यावरून जाणार असेल तर कागद कितीही चांगला असो, उपयोग नाही. आराखडा लोकांना वाचता आला पाहिजे. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही तो मिरवणुकीत दिसला पाहिजे. अहवाल निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. भाषा फुलोऱ्याची आहे, एका विषयातून दुसऱ्यात ते उड्या मारतात, आणि भुयारी गटारांविषयीची त्यांची सगळी मते आज कोणी तशीच्या तशी स्वीकारणार नाही. पण विद्यापीठापासून बागेपर्यंत आणि खान नदीपासून गिरणी कामगाराच्या खोलीपर्यंत एकाच शहराचा इतका एकसंध विचार करणारे पुस्तक विरळाच.

हे अहवाल थोड्या प्रती छापून कपाटात गेले. १९४७ मध्ये जॅकलिन टिरव्हिट यांनी त्यांतले निवडक उतारे एकत्र करून 'पॅट्रिक गेडिस इन इंडिया' हे पुस्तक काढले, म्हणून पुढच्या पिढीला ते वाचता आले. गेडिस यांचे दुसरे काम मात्र आपल्या दाराशीच राहिले. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे पहिले प्राध्यापक ते. परदेशी शिक्षणासाठी विद्यार्थी निवडताना त्यांना एका तरुणाचा निबंध आवडला. विषय होता मुंबई हे नागरी केंद्र, आणि लिहिणारा होता मालवणचा गोविंद सदाशिव घुर्ये. १९२४ मध्ये गेडिस मुंबई सोडून गेले आणि विभाग घुर्यांच्या हाती आला. त्यांच्याकडे पुढे येऊच.

पाहणीची खरी मराठी परंपरा उभी राहिली पुण्यात. धनंजयराव गाडगीळ यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेत १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुणे शहराची पाहणी हाती घेतली. तिचा आर्थिक बाजूचा पहिला भाग १९४५ मध्ये आला, दुसरा १९५२ मध्ये. 'पूना : अ सोशिओ-इकॉनॉमिक सर्व्हे' हे शीर्षक अगदीच सरळ आहे आणि आतले लेखनही तसेच, एकही शब्द जादा नाही. पण वाचत गेले की दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे पुणे उभे राहते. कोण कोणत्या धंद्यात आहे, तांब्या-पितळेच्या कामाची काय अवस्था आहे, विडीच्या धंद्यातून किती मिळते, दुकानदार किती आणि फेरीवाले किती, कुटुंब किती खोल्यांत राहते. नमुना पाहणी करून एका हिंदुस्थानी शहराचे असे चित्र काढण्याचा हा फार लवकरचा प्रयत्न. पेशव्यांचे पुणे, टिळकांचे पुणे यांवर ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले गेले. तांबट आळीतला माणूस महिन्याकाठी काय कमावतो, हे लिहिणारी पुस्तके फार थोडी, आणि त्यांत हे अव्वल.

गाडगीळांच्या या कामापाठोपाठ इतर शहरेही आली. नी. वि. सोवनी यांनी कोल्हापूरची पाहणी केली, तिचे तीन खंड आहेत. पुण्याचीच फेरपाहणी १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. सोलापूरवरचा गाडगीळांचा ग्रंथ १९६५ चा. म्हणजे वीसएक वर्षांत महाराष्ट्रातल्या तीन मोठ्या शहरांची, त्यांतल्या एकाची दोनदा, पद्धतशीर नोंद झाली. हे सगळे इंग्रजीत झाले, ही त्यातली मोठी उणीव. सोलापूरच्या विणकराला आपल्या शहराचे हे पुस्तक वाचता आले नाही. तरीही आज सोलापुरात गिरण्या होत्या तेव्हा घर कसे चालत होते हे कुणाला शोधायचे असेल, तर त्याला या पुस्तकापाशी यावेच लागेल.

मुंबईत त्याच सुमारास वेगळ्या प्रकारची पुस्तके निघत होती. १९४८ मध्ये ना. वि. मोडक आणि अमेरिकन नियोजक अल्बर्ट मेयर यांनी बृहन्मुंबईच्या महायोजनेची रूपरेषा प्रसिद्ध केली. मोडक म्हणजे ज्यांच्या नावाने वैतरणेचा मोडकसागर आहे ते अभियंते. उपनगरे, जोडशहरे, हरित पट्टे, शहराबाहेर काढणारे वेगवान रस्ते असा मोठा पट त्यात होता. मग १९५८ मध्ये नेमलेल्या स. गो. बर्वे यांच्या अभ्यासगटाने ठाण्याच्या खाडीपलीकडे वस्ती न्यावी असे सुचवले, आणि १९६५ मध्ये नेमलेल्या गाडगीळ समितीनेही मुंबईचा भार बाहेर हलवण्याचा विचार मांडला. हे अहवाल सरकारी कपाटातच राहिले असते. पण १९६५ च्या जून महिन्यात मुल्कराज आनंद यांच्या 'मार्ग' या कलाविषयक नियतकालिकाने आपला अंक मुंबईला दिला, आणि चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी त्यात खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना रेखाटनांसह मांडली. शिल्पे आणि लघुचित्रे छापणाऱ्या नियतकालिकाने शहराचा आराखडा छापला आणि पाच वर्षांत सरकारला तो उचलावा लागला. मार्च १९७० मध्ये हे नवे शहर, म्हणजे नवी मुंबई, वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली. छापील पानांतून शहर उभे राहिल्याचे असे उदाहरण आपल्याकडे दुसरे मला ठाऊक नाही.

त्या पानांवर जे नव्हते त्याची किंमतही तितकीच मोठी ठरली. मुंबईच्या बेटाचा पसारा दक्षिणोत्तर न वाढता पूर्वेकडे जावा, ही मांडणी पटणारी होती. पण पलीकडचा किनारा रिकामा नव्हता. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांतले आगरी-कोळी लोक तिथे भातशेती करत होते, मिठागरे पिकवत होते, खाडीत मासे धरत होते. कुणाचे मीठ, कुणाची खाजण, कूळ कोण आणि खोत कोण, याची गेडिस पद्धतीची किंवा गाडगीळ पद्धतीची पाहणी आधी झाली असती तर पुढचा संघर्ष टळला असता असे ठामपणे कोणी म्हणू शकणार नाही. पण तो इतका रक्तबंबाळ झाला नसता, असे मला वाटते. जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांच्या, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि पाच शेतकऱ्यांचा बळी गेला. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व त्यानंतर आले. आजही नवी मुंबईत 'साडेबारा टक्के' एवढे दोन शब्द उच्चारले की समोरचा माणूस गावठाणातला आहे की सिडकोच्या नव्या वसाहतीतला (नोडमधला), हे त्याच्या चेहऱ्यावर कळते.

आता आपल्या रोजच्या जगण्याला भिडणाऱ्या पुस्तकाकडे येऊ. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्याखाली प्रत्येक महापालिकेने विकास आराखडा करायचा, आणि तोही क्रमाने: आधी इरादा जाहीर करणे, मग शहर आज आहे तसे दाखवणारा विद्यमान जमीनवापर नकाशा, मग प्रारूप आराखडा, हरकती-सूचना, नियोजन समितीपुढे सुनावणी, शेवटी शासनाची मंजुरी. म्हणजे 'आधी पाहणी' हे गेडिस यांचे सूत्र आपल्या कायद्यातच बसलेले आहे. अडचण अंमलाची आहे.

मुंबईचा २०३४ चा आराखडा उघडून बघा. आपली इमारत शोधायची तर आधी विभाग, मग महसुली गाव, मग सिटी सर्व्हे क्रमांक माहीत हवा. तो सापडला की त्याच्या आजूबाजूला बारीक अक्षरांत संकेत दिसतात. आरओएस १.४ म्हणजे खेळाच्या मैदानाचे आरक्षण, आरओएस १.५ म्हणजे बाग, आरई १.१ म्हणजे महापालिका शाळा. सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेवर यांतला एखादा संकेत आहे की नाही, यावर तिथे मुले खेळणार की टॉवर येणार हे ठरते. मंजुरीनंतर १० वर्षांत ती जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो आणि पालिकेने मुदतीत पाऊल उचलले नाही तर आरक्षण उडते. किती मैदाने अशी गेली असतील! ज्यांच्या मुलांचे मैदान गेले त्यांना बहुधा ते मैदान कागदावर होते हेसुद्धा माहीत नसते. बिल्डर, वास्तुविशारद आणि वकील यांना ही लिपी येते. चाळीतल्या, सोसायटीतल्या सामान्य रहिवाशाला ती कोणी शिकवलेली नाही.

त्याच मुंबईने २०१५ मध्ये दाखवून दिले की लोकांनी वाचायचे ठरवले तर काय होते. आधीच्या जमीनवापर नकाशातल्या चुका नागरिक गटांनी वॉर्डावॉर्डांत फिरून शोधल्या होत्या. फेब्रुवारीत प्रारूप आराखडा आला. स्थानकांजवळ आठपर्यंत एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक), आरेच्या जंगलात विकास, असे बरेच काही त्यात होते. हरकती हजारोंनी गेल्या आणि एप्रिलमध्ये राज्य सरकारला तो प्रारूप बाजूला ठेवून नव्याने करायला सांगावे लागले. सुधारित आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. तो सगळ्यांना मान्य झाला असे नाही. पण आपल्या गल्लीतले देऊळ, शाळा, झोपडपट्टी, कोळीवाडा नकाशावर बरोबर आहे का, हे पाहायला माणसे बाहेर पडली, ही त्या खटाटोपाची कमाई. पाहणी सरकारने धड केली नाही तेव्हा ती लोकांनी केली.

मराठीला हे काम नवे नाही. गोविंद नारायण माडगांवकर यांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ मध्ये छापले गेले. या शहराचे असे समग्र चरित्र त्याआधी कोणत्याच भाषेत झाले नव्हते, इंग्रजीतसुद्धा नाही. माडगांवकरांचे घराणे गोव्याचे. लहानपणीच मुंबईत आले, इथेच शिकले, शिकवले. बाजार, विहिरी-तलाव, देवळे, मशिदी, जातीजमाती, छापखाने, नवी आलेली आगगाडी, सणवार, सगळे त्यांनी हिंडून टिपले. पुढल्याच वर्षी झालेल्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. कापसाच्या तेजीने फुगलेले आणि किल्ल्याच्या भिंती उतरवत असलेले ते शहर समजून घ्यायला आजही अभ्यासक आधी माडगांवकर उघडतात. १८८९ मध्ये आचार्य आणि शिंगणे यांचा 'मुंबईचा वृत्तांत' आला. सरकारी गॅझेटियर त्यानंतरचे, १९०९-१० चे. म्हणजे मुंबईचा संदर्भग्रंथ मराठी माणसाने मराठीत लिहिला, तो साहेबाच्या आधी शेहेचाळीस वर्षे. अलीकडे मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून त्या वस्तीचा इतिहास नोंदवला, त्या पुस्तकाला मराठी रूप मिळाले. सुलक्षणा महाजन यांच्यासारख्या नियोजनतज्ज्ञ मराठीत सातत्याने लिहीत आल्या. तरी शहराच्या आर्थिक-सामाजिक पाहणीचा गाडगीळ-सोवनींच्या तोलाचा आणि मराठीतला खंड कुठल्या महापालिकेने काढला आहे का, असे विचारले तर उत्तर देणे जड जाते.

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक महापालिकेच्या वाचनालयात त्या शहराचा एक कप्पा असावा. त्यात आराखड्याचे नकाशे असावेत आणि ते वाचायचे कसे हे सांगणारी साध्या मराठीतली पुस्तिका असावी. जुने आराखडे फेकून न देता ठेवावेत, म्हणजे कोणते आरक्षण कधी होते आणि कधी गेले ते कळेल. जिल्ह्याची दर्शनिका (गॅझेटियर) असावी. आणि दर दहा वर्षांनी त्या शहरातल्या महाविद्यालयांनी केलेली पाहणी असावी. विद्यार्थी आहेत, प्राध्यापक आहेत; नुसती शिस्त हवी.

ती कुठून सुरू करावी असे कुणी विचारले तर मी पुणे-नगर रस्त्यावरच्या लोणीकंदचे नाव घेईन. १८२० च्या सुमारास पुण्याच्या रेसिडेन्सीतल्या डॉ. थॉमस कोट्स यांनी 'लोणी' या गावाचे सविस्तर वर्णन लिहिले: शेते, घरे, अन्न, बलुतेदार, कर्ज. मुंबईच्या लिटररी सोसायटीने ते छापले. ही लोणी म्हणजे लोणीकंद, हे ओळखून घुर्ये तिथे गेले. सव्वाशे वर्षांत काय बदलले याचा त्यांनी शोध घेतला आणि १९६० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. हिंदुस्थानात फार थोड्या गावांची अशी दोन टोके नोंदलेली आहेत. त्यानंतर पुणे वाढत वाघोलीपर्यंत आले. २०२१ मध्ये २३ गावे पालिकेत गेली, त्यांत वाघोलीही होती. लोणीकंद आता त्या हद्दीला लागून आहे. शेतांवर गोदामे उभी आहेत, प्लॉटिंगचे फलक लागले आहेत, भाड्याच्या खोल्यांत बाहेरून आलेले कामगार राहतात. पुढचा आराखडा यायच्या आत तिसऱ्यांदा कुणीतरी तिथे घरोघर जावे. पाणी टँकरचे की विहिरीचे, खोलीचे भाडे किती, शेत कुणाचे होते आणि पैसे कुणाला मिळाले, मुले कोणत्या शाळेत आणि कशाने जातात, हे लिहून घ्यावे. कोट्स आणि घुर्ये यांची पुस्तके सोबत न्यावीत, कारण प्रश्नांची अर्धी यादी त्यांनीच तयार करून ठेवली आहे.